तुरुंगातून निवडून आलेला खासदार आणि त्याच्यापायी आत गेलेला संपादक

राजद्रोह म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. १८९७ ला दीड वर्षाची शिक्षा, १९०८ ला सहा वर्षं मंडाले. पण ते सरकार परक्यांचं होतं. आजची गोष्ट त्याच्या शंभर वर्षं आधीची, अमेरिकेतली. तिथलं सरकार निवडून आलेलं होतं.

मॅथ्यू लायन हा मूळचा आयर्लंडचा. जहाजाचं भाडं काम करून फेडायच्या करारावर पोरवयात अमेरिकेत आला. हा करार पुढं एका बैलजोडीच्या बदल्यात दुसऱ्या मालकाकडं गेला, म्हणजे माणसाची किंमत दोन बैल! स्वातंत्र्ययुद्धात तो व्हरमाँटच्या 'ग्रीन माउंटन बॉईज'मध्ये अधिकारी होता. १७७६ मध्ये त्याच्या तुकडीनं चौकी सोडली आणि त्याला अपमान करून काढलं. नंतर सैन्यात परत घेतलं, पण डाग राहिला. पळपुट्याला लाकडी तलवार मिळाली म्हणून विरोधक जन्मभर हिणवत राहिले.

युद्धानंतर त्यानं फेअर हेवन गाव वसवलं. लोखंडाचा कारखाना, कागदाची गिरणी, छापखाना, वर्तमानपत्र, सगळं काढलं. १७९७ मध्ये काँग्रेसमध्ये पोचला. जानेवारी १७९८ मध्ये ग्रिस्वोल्ड नावाच्या सदस्यानं भर सभागृहात लाकडी तलवारीचा टोमणा मारला, तर हा गडी त्याच्या तोंडावर थुंकला! पंधरा दिवसांनी ग्रिस्वोल्डनं त्याला काठीनं बडवलं आणि यानं शेगडीचा चिमटा उचलला. संसदेत राडा आपल्याकडंच होतो असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

त्याच वर्षी जुलैत अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. उपाध्यक्षाचं नाव मात्र त्यात नव्हतं. उपाध्यक्ष होते जेफरसन, विरोधी पक्षाचे! कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१ पर्यंतच, म्हणजे अ‍ॅडम्स यांची कारकीर्द संपेपर्यंत.

अध्यक्षांना थाटामाटाची आणि खुशामतीची हाव सुटलीय, अशा अर्थाचं पत्र लायननं लिहिलं होतं. लिहिलं कायद्याच्या आधी, छापून आलं नंतर. ऑक्टोबरमध्ये रटलंडला खटला चालला. लायननं आपली बाजू स्वतःच मांडली. त्यानं थेट न्यायाधीश पॅटरसन यांनाच विचारलं, तुम्ही अध्यक्षांकडं जेवला आहात ना, मग तिथला थाट पाहिला नाहीत? न्यायाधीश म्हणाले, मला तर साधेपणाच दिसला. लायननं पुढं विचारलं, इथल्या रटलंडच्या खानावळीपेक्षा जास्त थाट नव्हता का? त्यावर उत्तर आलं नाही. निकाल आला. चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड.

कोठडीतूनच त्यानं निवडणूक लढवली. डिसेंबरमध्ये जवळपास दुप्पट मतांनी जिंकला. फेब्रुवारी १७९९ मध्ये सुटल्या सुटल्या त्यानं जाहीर केलं, मी काँग्रेसला निघालोय. वाटेत सदस्याला अटक करता येत नसे, म्हणून ही हुशारी. १८०१ मध्ये जेफरसन आणि बर यांची मतं सारखी पडली. तेव्हा छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचं मत जेफरसनच्या पारड्यात टाकणारा हाच लायन. पुढं केंटकीतूनही तो काँग्रेसवर गेला, शेवटी कर्जबाजारी झाला आणि १८२२ मध्ये वारला. त्याचा दंड काँग्रेसनं १८४० मध्ये वारसांना व्याजासकट परत केला.

हे सगळं लायनचं. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच माणसावर जातं. बेनिंग्टन या छोट्या गावात अँथनी हॅसवेल 'व्हरमाँट गॅझेट' चालवायचा. लायनच्या दंडासाठी सोडतीतून पैसे जमवायचे होते, त्याची जाहिरात यानं छापली. त्यात लायनला कोंडणाऱ्या अधिकाऱ्यावर टीका होती. तेवढ्यावरून, आणि दुसऱ्या पत्रातला एक मजकूर पुन्हा छापला म्हणून, त्याच्यावरही राजद्रोह. १८०० मध्ये दोन महिने कैद, २०० डॉलर दंड. खासदाराला मतदार होते, पद होतं. याच्याकडं फक्त एक छापखाना.

हॅसवेलची सुटका ९ जुलैला होती. बेनिंग्टनच्या लोकांनी त्या वर्षी ४ जुलैला स्वातंत्र्यदिन साजराच केला नाही. पाच दिवस थांबले, संपादक बाहेर आला आणि मग मिरवणूक निघाली.