तुकोबांनी अर्धीच खतं का बुडवली?

पैसा आणि सुख हा विषय निघाला की आपल्याला तुकोबा आठवतात, इंद्रायणीत कर्जखतं बुडवणारे. पण त्या गोष्टीतला एक तपशील बऱ्याचदा गाळला जातो. आज त्याच्याबद्दल बोलू.

देहूचं हे घर महाजनांचं, सावकारी करणारं. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मेली. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगाही गेला. घरात खतं होती, पण फेडणारेच उपाशी होते.

परंपरा सांगते, तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त स्वतःचा नदीत सोडला.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ती श्रीमंती म्हणजे दुसऱ्यांची देणी होती. ती बुडाली तेव्हा तुकोबा सुटले, कर्जदारही सुटले. पण आपला निर्णय त्यांनी भावावर लादला नाही. दुसरी पत्नी जिजाई हिला मात्र अशी निवड मिळाली नाही; रोजची चूल तिलाच पेटवायची होती. म्हणून कुणी ‘पैशात सुख नाही’ म्हटलं की मी आता एवढंच विचारतो: जे सोडलं, ते नक्की कुणाच्या वाट्याचं होतं?