अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटातील सर्पांचा अभ्यास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
(कंठवलयी सापाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला उत्तर मेक्सिको हा मोहावी, सोनोरा व चिवावा या तीन वाळवंटांचा प्रदेश होय. खुळखुळ्या सापांच्या म्हणजेच रॅटलस्नेकच्या जितक्या जाती एकट्या ॲरिझोना राज्यात आढळतात, तितक्या त्या देशाच्या अन्य कोणत्याही राज्यात आढळत नाहीत. त्यांच्या जोडीला वाळूत बुडी मारणारे, बिळांत राहणारे, दगडाखाली दडणारे असे अनेक लहान साप येथे आहेत. अशा लहान सापांपैकी एक म्हणजे कंठवलयी साप, ज्याला इंग्रजीत 'रिंगनेक' म्हणतात. राखाडी वा हिरवट करडी पाठ, पिवळे ते शेंदरी पोट आणि मानेभोवती फिकट कडे ही त्याची सर्वसाधारण ओळख.

या सापांविषयीचे आजचे ज्ञान सुमारे पावणेदोनशे वर्षांत साठत गेले आहे. ते कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या साधनांनी मिळाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे. एखादा साप 'दुर्मिळ' वा 'विपुल' ठरला, तो किती वेळा केवळ त्या सापाच्या संख्येमुळे आणि किती वेळा पाहणाऱ्याच्या पद्धतीमुळे, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

सीमा, लोहमार्ग आणि संग्रहालय

कंठवलयी सापाचे शास्त्रीय नामकरण वाळवंटापासून फार दूर झाले. लिनीअसने १७६६ साली कॅरोलायनातील नमुन्यावरून त्याला 'पंक्टेटस' म्हणजे ठिपकेवाला हे नाव दिले. पूर्व किनाऱ्यावरील दमट अरण्यातला हा साप पुढे संपूर्ण जातीचा आदर्श नमुना ठरला. वाळवंटातील त्याच्या भाईबंदांची ओळख होण्यास आणखी सुमारे नव्वद वर्षे लागली. आणि ती झाली ती युद्धाच्या परिणामी.

मेक्सिकोबरोबरच्या युद्धानंतर १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने विस्तीर्ण वाळवंटी मुलूख अमेरिकेच्या ताब्यात आला. नवी सीमा आखणे आणि पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत लोहमार्गाची वाट शोधणे ही दोन कामे सरकारने हाती घेतली. सीमा सर्वेक्षणाच्या तुकड्या व १८५३ पासूनची लोहमार्ग सर्वेक्षणे यांत भूमापकांसोबत प्राणी व वनस्पती गोळा करणारी माणसेही असत. बहुधा तुकडीचा डॉक्टरच हे काम सांभाळी. साप मद्यार्कात बुडवून वॉशिंग्टनला रवाना होत.

तेथे १८४६ मध्ये स्थापन झालेली स्मिथसोनियन संस्था होती. तिचे साहाय्यक सचिव म्हणून १८५० मध्ये रुजू झालेले स्पेन्सर बेअर्ड यांनी या तुकड्यांना नमुने कसे गोळा करावेत, कसे टिकवावेत व कसे पाठवावेत याच्या सूचना दिल्या. स्वित्झर्लंडहून आलेले चार्ल्स जिरार्ड यांच्या सहकार्याने त्यांनी १८५३ मध्ये उत्तर अमेरिकेतील सापांची सूची प्रसिद्ध केली. कंठवलयी सापासाठी 'डायडोफिस' हा स्वतंत्र वंश याच सूचीने स्थापिला. ग्रीक शब्दांवरून घडलेल्या या नावाचा अर्थ मुकुटपट्टा धारण करणारा साप असा होतो. सोनोरातून आलेल्या नमुन्याला त्यांनी 'रिगॅलिस' म्हणजे राजस असे नाव दिले. पाठोपाठ १८५४ मध्ये फिलाडेल्फियाच्या एडवर्ड हॅलोवेल यांनी मोहावी नदीच्या परिसरातील शिंगवाल्या खुळखुळ्या सापाचे, म्हणजे साइडवाइंडरचे, वर्णन केले. तो नमुना लोहमार्ग सर्वेक्षणातील डॉ. हीरमन यांनी आणला होता.

या कामाचे मोल मोठे आहे. परंतु त्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. सर्वेक्षणाची तुकडी दिवसा चालत असे, पाण्याच्या ठिकाणी मुक्काम करी आणि वाटेत जे दिसेल ते उचलत असे. नमुन्यासोबत पुष्कळदा केवळ प्रदेशाचे नाव येई. साप कोणत्या वेळी, कोणत्या जमिनीवर, काय करताना सापडला याची नोंद क्वचितच होई. परिणामी संग्रहालयात सापाचे शरीर पोहोचले, त्याचे जीवन मात्र वाळवंटातच राहिले.

होपी विधी आणि बाहेरील दृष्टी

सापांचे जीवन जाणणारी माणसे त्या प्रदेशात नव्हती असे नाही. ईशान्य ॲरिझोनातील होपी समाजात ऑगस्ट महिन्यात होणारा सर्पविधी हा पावसासाठी केलेल्या प्रार्थनेचा भाग आहे. विधीपूर्वी चार दिवस चार दिशांना जाऊन साप गोळा केले जातात, त्यांना स्नान घातले जाते, नृत्याच्या वेळी ते तोंडात धरले जातात आणि अखेरीस चारही दिशांना सोडून दिले जातात. माणसांचे मागणे पाताळातील शक्तींपर्यंत नेणारे ते दूत होत, अशी त्यामागील श्रद्धा आहे. नागपंचमीची परंपरा असलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला पावसाळा व साप यांचे हे नाते अपरिचित वाटणार नाही; मात्र दोन्हींचा उगम स्वतंत्र आहे.

सैन्यातील अधिकारी जॉन बुर्क यांनी १८८१ मध्ये वाल्पी या गावी हा विधी पाहिला आणि १८८४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १८९० च्या दशकात जे. वॉल्टर फ्यूक्स यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला. सांता फे लोहमार्गाने प्रवासी येऊ लागले आणि विधीचा तमाशा झाला. १९१३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही प्रेक्षकांत होते. या बाहेरील पाहुण्यांना मुख्यतः एकच कोडे पडे : विषारी साप या माणसांना चावत कसे नाहीत? साप कोठे सापडतात, ते ओळखावेत कसे, हाताळावेत कसे, याविषयी साप धरणाऱ्यांपाशी असलेले ज्ञान मात्र शास्त्रीय ग्रंथांत फारसे उतरले नाही. पुढे होपींनी आधी छायाचित्रणाला व नंतर बाहेरच्या प्रेक्षकांनाच मज्जाव केला. या नात्याची एक पुसट खूण नामकरणात राहिली. १९३५ मध्ये त्या भागातील खुळखुळ्या सापाच्या एका उपजातीला 'नुन्शियस' म्हणजे दूत असे लॅटिन नाव देण्यात आले. हा उपजातीचा दर्जा पुढे सर्वमान्य राहिला नाही.

मोटारीचे दिवे आणि आकडेवारी

हे नाव देणारे लॉरेन्स क्लॉबर (१८८३–१९६८) हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. ते सॅन डिएगोच्या वीज व गॅस कंपनीतील अभियंता होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. १९२० च्या दशकात स्थानिक प्राणिसंग्रहालयाला साप ओळखून देण्याच्या निमित्ताने ते या विषयाकडे वळले. याच सुमारास वाळवंटातून पक्के रस्ते जाऊ लागले होते. सूर्यास्तानंतर या रस्त्यांवरून संथ गतीने मोटार चालवली, तर दिव्यांच्या प्रकाशात आडवे जाणारे वा रस्त्यावर पहुडलेले साप दिसतात, या अनुभवाचे क्लॉबर यांनी पद्धतीत रूपांतर केले. किती मैलांत किती साप, त्या वेळी तापमान किती, वारा कसा, चांदणे होते की नाही, याच्या नोंदी ते अभियंत्याच्या शिस्तीने ठेवीत. १९३९ मध्ये या रात्रीच्या संकलनाची आकडेवारी प्रसिद्ध झाली. १९५६ मधील त्यांचा खुळखुळ्या सापांवरील द्विखंडात्मक ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो.

या पद्धतीने जुनी अनुमाने उलटी केली. पर्णनासिक सापाचे, म्हणजे नाकाच्या टोकावर पानासारखा मोठा खवला असलेल्या लहान सापाचे, नमुने तोवर इतके थोडे होते की तो अत्यंत दुर्मिळ समजला जाई. मोटारीच्या दिव्यांत तो वारंवार दिसू लागला आणि वाळवंटातील सामान्य सापांत त्याची गणना झाली. साप तेवढेच होते. बदलली होती ती पाहण्याची वेळ.

साप रात्रीच का निघतात याचे उत्तर १९४४ मध्ये रेमंड कोल्स व चार्ल्स बोगर्ट यांच्या अभ्यासाने दिले. सरीसृप उष्णतेचे निष्क्रिय गुलाम नसतात; ऊन, सावली, बीळ व वेळ यांची निवड करून ते आपले शरीरतापमान ठराविक मर्यादेत राखतात, हे त्यांनी दाखवून दिले. उन्हाळ्यातील भर दुपारी तप्त वाळूवर अडकलेला साइडवाइंडर थोड्याच वेळात मरतो. या सापाची तिरपी चालही अभ्यासाचा विषय झाली. शरीराचे थोडेच भाग वाळूला टेकवून पुढे सरकण्याची ही रीत महाराष्ट्रात परिचित असलेल्या फुरशामध्येही आढळते. वाळूचा चढ जितका तीव्र, तितका शरीराचा अधिक भाग साप वाळूला टेकवतो, हे २०१४ मध्ये सर्प व यंत्रमानव यांच्या तुलनेतून सिद्ध झाले.

कंठवलयी सापाचा अपवाद

रस्त्याच्या पद्धतीलाही स्वतःची मर्यादा होती. जो साप उघड्यावर फारसा येत नाही, तो दिव्यांत दिसणार कसा? कंठवलयी साप वाळवंटी प्रदेशात राहतो, पण उघड्या वाळूत नव्हे. डोंगरदऱ्या, ओढ्यांचे काठ आणि दगड, ओंडके वा पालापाचोळ्याखालची ओल हा त्याचा आसरा. त्याच्यासाठी दगड उलटण्याचीच जुनी रीत कामी येते. मिशिगन विद्यापीठाचे फ्रँक ब्लँचर्ड यांनी या वंशाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा प्रबंध त्यांच्या निधनानंतर १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅन्ससमध्ये हेन्री फिच यांनी साप पकडून, खूण करून, पुन्हा सोडून देण्याची पद्धत अवलंबिली. १९७५ च्या त्यांच्या अभ्यासानुसार अनुकूल जागी एका हेक्टरमध्ये सातशेहून अधिक कंठवलयी साप असू शकतात. ज्या माळावरून चालणाऱ्याला एकही साप दिसत नाही, तेथील ही संख्या आहे. कॅन्ससचा आकडा वाळवंटाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, एवढे त्यावरून निश्चित होते.

वाळवंटी प्रकाराचा अभ्यास वाढला तसा पूर्वेकडील आदर्श नमुनाही अपुरा ठरला. 'रिगॅलिस' हा पूर्वेकडील भाईबंदांपेक्षा बराच मोठा होतो. पूर्वेकडील साप गांडुळे व सॅलॅमँडर खातो, तर हा प्रामुख्याने लहान साप खातो. डिवचल्यास तो शेपटीचे वेटोळे करून तिचा तांबडा तळभाग दाखवतो. विशेष म्हणजे काही भागांत त्याच्या मानेभोवती कडेच नसते. ज्या लक्षणावरून वंशाला नाव मिळाले, तेच येथे लोपते. २००८ मधील आनुवंशिक अभ्यासाने तर या एकाच जातीत अनेक स्वतंत्र शाखा असल्याचे दाखविले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वाळवंटी सर्पांच्या ज्ञानाचा प्रत्येक टप्पा एका वाटेशी जोडलेला आहे. सीमारेषेने नावे दिली, लोहमार्गाने नमुने व प्रेक्षक आणले, मोटाररस्त्याने संख्या दिली. प्रत्येक वाटेने काही दाखविले आणि काही झाकले.

या इतिहासाची एक बाजू चिंतेची आहे. दक्षिण ॲरिझोनातील ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकाच्या परिसरात १९८७ ते १९९१ या काळात रस्त्यावरील सापांची नोंद करण्यात आली. आढळलेल्या ३६८ सापांपैकी २६४ मृत होते. क्लॉबर यांच्या काळात ज्ञानाचे साधन ठरलेला रस्ता वाहतूक वाढल्यावर सापांच्या मृत्यूचे कारण झाला. शिवाय मेलेल्यांची ही मोजणीही रस्त्यावर येणाऱ्या सापांपुरतीच मर्यादित आहे. दगडाखालच्या ओलीवर जगणाऱ्या कंठवलयी सापाला ओढा आटल्याने वा दरी खणली गेल्याने काय सोसावे लागते, हे कोणत्याही रस्त्यावर दिसणार नाही. म्हणून एखाद्या जातीला दुर्मिळ वा सुरक्षित ठरविण्यापूर्वी, ती कोणी, कोठून आणि कोणत्या वेळी पाहिली, हा इतिहासाचा प्रश्न प्राणिशास्त्रानेही विचारणे आवश्यक आहे.