पोटगीची दीडशे वर्षं

आईबापांचा संसार मोडला तर मुलांना कोणी पोसायचं, हा प्रश्न ब्रिटिश अमदानीत थेट फौजदारी कोर्टात नेता येई. १८७२ची फौजदारी प्रक्रिया संहिता घडवणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या लेखी पोटगीचं कलम हा भटकेगिरी आणि तिचे परिणाम टाळण्याचा उपाय होता. मुलाचा हक्क ही कल्पना अजून दूर होती.

तरीही १८९८च्या संहितेतलं कलम ४८८ एका बाबतीत मोठ्या मनाचं होतं. मूल औरस असो वा अनौरस, कोणत्याही धर्माचं असो, ऐपत असलेल्या बापाने त्याला पोसलंच पाहिजे. हुकूम मोडला तर वसुलीचं वॉरंट. तरीही पैसे थकले तर दर महिन्याच्या थकबाकीमागे महिनाभरापर्यंत कैद.

हात आखडला होता तो रकमेत. कमाल मर्यादा दरमहा ५० रुपये. १९२३मध्ये ती १०० झाली, १९५५मध्ये ५००. १९७३च्या संहितेत कलम १२५ आलं, पण आकडा तोच राहिला. शिवाय हे ५०० बायको-मुलं सगळ्यांत मिळून की प्रत्येकाला, असा वाद. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८मध्ये तो मिटवला: प्रत्येकाला. महाराष्ट्राने १९९९मध्ये मर्यादा १५०० रुपयांवर नेली आणि २००१मध्ये संसदेने ती काढूनच टाकली. बापाची कमाई कितीही असो, मुलाच्या वाट्याला ठरावीक रकमेहून जास्त काही येणार नाही, हा अन्याय शंभराहून अधिक वर्षं कायद्यात लिहिलेला होता.

दरम्यान जबाबदारीची व्याप्तीही वाढली. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने बापाबरोबर आईवरही ती टाकली. तलाकनंतरही मुस्लिम बापाला मुलांच्या पोटगीतून सुटका नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये स्पष्ट केलं.

उरली दिरंगाई. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात आई आणि मुलाची अंतरिम पोटगी २०१५मध्ये ठरली, तरी वाद २०२०पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला. त्या निकालाने देशभरासाठी दोन नियम घालून दिले: दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची.

१ जुलै २०२४पासून कलम १२५ची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये आहे. वेगळं राहणाऱ्या आईने समेटाची वाट जरूर पाहावी, पण मुलाच्या पोटगीचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नये. हिशेब त्या अर्जाच्या तारखेपासूनच सुरू होतो.