लाकडी पाइपांवरील रंगाचा पुरावा

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं तमाखूचा एक जुना विलायती पाइप मध्यंतरीं आम्हांस दाखविला. वरील काळसर तांबडा थर मळ समजून त्यांनीं स्पिरिटनें पुसून काढिला होता. लाकूड उजळ झालें खरें, परंतु त्याच्या शिरा मावळल्या. तो थर मळ नसून कारागिरानें बुद्ध्या दिलेला रंग होता.

हें लाकूड ‘ब्रायर’. या इंग्रजी नांवावरून तें काटेरी रानगुलाबाचें असावें असा ग्रह होतो, तो चुकीचा आहे; मूळ शब्द फ्रेंच ‘ब्रुयेर’ होय. भूमध्यसमुद्राकांठच्या एरिका आर्बोरिया नामक झुडुपाच्या मुळाशीं जी टणक गांठ वाढते, तिचे हे पाइप. फ्रान्सांतील जूरा पर्वतांत सें-क्लोद येथें कातारी लोक पूर्वीपासून होतेच, इ. स. १८५० नंतरच्या दशकांत ही गांठ त्यांच्या हातीं आली.

गांठीचे तुकडे कित्येक तास उकळून महिनेच्या महिने वाळवावे लागतात. घडलेल्या पाइपास मद्यार्कांत विरघळविलेला गडद रंग देतात. कोणी त्यास ज्योत लावून मद्यार्क जाळितात. नंतर बारीक सँडपेपरनें घांसलें असतां टणक भागावरील रंग निघतो, मऊ शिरांत मुरलेला तेवढा राहतो. त्यावर फिका हात देऊन मेणानें झिलई करितात.

कोळशाच्या डांबरापासून काढिलेला पहिला रंग पर्किन यास १८५६ त सांपडला, व १८५९ त ल्यों शहरीं फुक्सीन हा तांबडा रंग निघाला. तेव्हां असा रंग आढळल्यास तो हात त्यापूर्वींचा नव्हे, एवढें निश्चित. पाइपाचें वय मात्र त्यावरून ठरत नाहीं, कारण जुन्या पाइपास मागाहून रंग देणारेहि असतात. लंडनच्या डनहिल पेढीचा ‘ब्रुयेर’ पाइप गडद तांबडा, तर १९३१ त निघालेला ‘रूट ब्रायर’ शिरा दाखविणारा फिका. ठसा झिजला असल्यास रंग हीच खूण उरते, आणि नेमकी तीच हौसेनें पुसली जाते! पोथीचीं पानें धुणाऱ्यास आपण काय म्हणूं?

सदरहू पाइपाच्या ठशाचीं अक्षरें वाचतां येत नाहींत. भिंगानें पाहतां त्यांच्या खांचांत तांबडा रंग अद्याप दिसतो. मूळ रंग तांबडा होता, यापलीकडे त्यावरून कांहीं म्हणतां येत नाहीं.