जॉन्स हॉपकिन्स ब्लूमबर्ग सार्वजनिक आरोग्य विद्यालय

अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील बॉल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने चालविलेले सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे अध्यापन व संशोधन करणारे विद्यालय. स्थापना १९१६. संशोधन व प्रशिक्षण ही दोन्ही कामे करणारे आणि स्वतंत्रपणे पदव्या देणारे हे सार्वजनिक आरोग्याचे पहिले विद्यालय मानले जाते. स्थापनेपासून ते ‘स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य विद्यालय’ या नावाने ओळखले जाई. विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व उद्योजक मायकेल ब्लूमबर्ग यांनी दिलेल्या मोठ्या देणग्यांमुळे २००१ मध्ये त्यांचे नाव विद्यालयाला देण्यात आले. जामखेड व गडचिरोली येथील आरोग्यकार्य उभे करणाऱ्या दोन्ही डॉक्टर दांपत्यांनी येथेच शिक्षण घेतल्याने महाराष्ट्राशी या संस्थेचे जवळचे नाते आहे.

पार्श्वभूमी व स्थापना : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमींचा मोठा उपद्रव होता. त्याविरुद्ध उद्योगपती रॉकफेलर यांच्या देणगीतून १९०९ मध्ये मोहीम सुरू झाली. विक्लिफ रोझ हे या मोहिमेचे प्रमुख होते. औषध उपलब्ध असले, तरी संडास बांधून घेणारा, पाहणी करणारा, आकडे नोंदवून त्यांचा अर्थ लावणारा पूर्णवेळ आरोग्याधिकारी कुठेच मिळत नाही, हे त्यांना मोहिमेत जाणवले. असा माणूस वैद्यकीय महाविद्यालयात घडत नव्हता, कारण तेथील शिक्षण एकेका रुग्णाभोवती फिरत असे. रोझ आणि विख्यात विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांनी १९१५ मध्ये एक अहवाल सादर केला आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळे विद्यालय हवे, असे मत त्यात मांडले. पुढच्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानने बॉल्टिमोरची निवड केली. वेल्च विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले.

१ ऑक्टोबर १९१८ रोजी वर्ग सुरू झाले, तेव्हा इन्फ्ल्यूएंझाच्या महासाथीने अमेरिकेला विळखा घातला होता. काही दिवसांपूर्वीच वेल्च लष्कराच्या डेव्हन्स छावणीत जाऊन या साथीत दगावलेल्या सैनिकांची शवविच्छेदने पाहून आले होते. ज्या प्रश्नांसाठी विद्यालय निघाले, ते असे पहिल्याच दिवशी दाराशी येऊन उभे राहिले. पुढे याच प्रतिष्ठानच्या मदतीने लंडन, टोरांटो आदी ठिकाणी सार्वजनिक आरोग्याच्या संस्था उभ्या राहिल्या. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था (१९३२) हीसुद्धा त्याच परंपरेतील होय.

अध्यापन व आरंभीचे संशोधन : साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, पर्यावरणीय आरोग्य, आंतरराष्ट्रीय आरोग्य, लोकसंख्या व कुटुंब-आरोग्य, मानसिक आरोग्य, आरोग्यधोरण इ. विषयांचे विभाग येथे आहेत. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी (एमपीएच) हा सर्वांत परिचित अभ्यासक्रम होय. डॉक्टर, परिचारिका, अभियंते, संख्याशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ अशा निरनिराळ्या पार्श्वभूमीची माणसे तो एकत्र शिकतात.

पहिल्या पिढीतील प्राध्यापकांनी विषयाचा पाया घातला. एल्मर मॅकॉलम यांनी येथे ड जीवनसत्त्वाचा शोध लावला आणि मुडदुसाचे कारण व उपाय स्पष्ट केले. वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट आणि लोवेल रीड यांनी साथ कशी चढते व ओसरते, याचे गणिती प्रतिमान तयार केले. वर्गात ते समजावण्यासाठी रंगीत गोळ्या वापरीत. एका रंगाच्या गोळ्या म्हणजे रोगी, दुसऱ्या रंगाच्या म्हणजे रोग होऊ शकेल अशी माणसे आणि तिसऱ्या रंगाच्या म्हणजे बरी होऊन प्रतिकारशक्ती आलेली माणसे. गोळ्या मिसळून ओळीने मांडल्या, की कोणाची कोणाशी गाठ पडली ते दिसे आणि फेरीगणिक साथीचा आलेख विद्यार्थ्यांसमोर उभा राही. हे प्रतिमान दोघांनीही स्वतः प्रसिद्ध केले नाही. ते वर्गातूनच पसरले आणि १९५२ मध्ये हेलन ॲबी यांच्या लेखामुळे सर्वत्र परिचित झाले. डेव्हिड बोडियन, हॉवर्ड हाऊ व इझाबेल मॉर्गन यांनी पोलिओ विषाणूचे तीन प्रकार आहेत, हे दाखविले. लस या तिन्ही प्रकारांविरुद्ध असावी लागेल, हे त्यामुळे निश्चित झाले.

जागतिक देवी निर्मूलन मोहिमेचे प्रमुख डी. ए. हेंडरसन हे १९७७ ते १९९० या काळात विद्यालयाचे अधिष्ठाता होते. २०१७ मध्ये एलन मॅकेंझी या पहिल्या महिला अधिष्ठाता झाल्या.

जलसंजीवनी : पटकीच्या (कॉलरा) रुग्णाचा जीव जातो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. साखरेसोबत मीठ दिल्यास आतडे ते शोषून घेते, हे १९६०च्या दशकापर्यंत कळले होते. ढाका व कोलकाता येथील रुग्णालयांत साखर-मिठाच्या या द्रावणाच्या, म्हणजेच जलसंजीवनीच्या, चाचण्याही झाल्या होत्या. डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर मात्र हा उपाय द्यावा, असा विश्वास कोणाला वाटत नव्हता.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावण्यांत पटकी पसरली. जॉन्स हॉपकिन्सच्या कोलकाता येथील वैद्यकीय संशोधन व प्रशिक्षण केंद्रातील डॉ. दिलीप महालनबीस तेथे पोहोचले. तेव्हा रुग्णालयातील दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडले होते आणि शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा संपत आला होता. लिटरभर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे प्रमाण त्यांनी ठरविले. कोलकात्यात ही पूड तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली गेली आणि पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली गेली. छावणीत पिंपांमध्ये द्रावण तयार होई. आई, भाऊ, शेजारी, जो कोणी रुग्णाजवळ असेल तो तोटीखाली पेला धरून ते भरून नेई आणि घोट-घोट पाजी. सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. आधी शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. डॉक्टर वा परिचारिका नसतानाही आईच्या हातून हा उपचार होऊ शकतो, हे बनगावने सिद्ध केले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

अ जीवनसत्त्व : नेत्रवैद्य आल्फ्रेड सॉमर इंडोनेशियात लहान मुलांमधील रातांधळेपणाचा अभ्यास करीत होते. डोळ्यांत अ जीवनसत्त्वाच्या अभावाची अगदी सौम्य लक्षणे असलेली मुलेही इतरांच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात दगावतात, असे आकडेवारी तपासताना त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर सुमात्रा बेटावरील आचे प्रांतातील ४५० गावांत चाचणी घेण्यात आली. जेथे मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली, त्या गावांत बालमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले (१९८६). निष्कर्षावर अनेकांनी शंका घेतली. कीथ वेस्ट व सहकाऱ्यांनी नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात चाचणी केली, तेव्हाही मृत्यूत सुमारे ३० टक्के घट आढळली. याउलट उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१३) उल्लेखनीय घट दिसली नाही. त्यामुळे हा लाभ प्रदेशातील कुपोषण व गोवर यांच्या प्रमाणावर कितपत अवलंबून आहे, याची चर्चा चालू आहे. सॉमर १९९० ते २००५ या काळात विद्यालयाचे अधिष्ठाता होते.

समाजातील काम : बॉल्टिमोर महापालिकेच्या आरोग्य खात्याबरोबर विद्यालयाने १९३२ मध्ये ‘पूर्व आरोग्य जिल्हा’ स्थापन केला. विद्यालयाच्या भोवतालच्या वस्तीत घरोघर पाहण्या होत, परिचारिका बाळंतिणींना भेटत आणि विद्यार्थी तेथेच काम शिकत. मेरिलंडच्या वॉशिंग्टन परगण्यात जॉर्ज कॉम्स्टॉक यांनी क्षय, हृदयविकार व कर्करोग यांचे दीर्घकालीन अभ्यास केले. मूळ अमेरिकन जमातींमध्ये मथुराम संतोषम यांनी जलसंजीवनीचा प्रसार केला. मेंदूज्वराला कारणीभूत होणाऱ्या हिब जंतूवरील लसीच्या चाचण्याही त्यांनी यांपैकी नवाहो जमातीच्या वस्तीत घेतल्या. १९९१ मध्ये विद्यालयात या समाजांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले.

संशोधन आणि समाज यांच्या नात्यातील धोकेही बॉल्टिमोरनेच दाखविले. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या केनेडी क्रीगर संस्थेने जुन्या घरांतील शिसेयुक्त रंग कमी खर्चात कसा काढता येईल, याचा अभ्यास केला होता. त्यासाठी लहान मुले असलेल्या गरीब कुटुंबांच्या घरांत शिशाचे प्रमाण आणि मुलांच्या रक्तातील शिसे मोजले गेले. या प्रकरणी २००१ मध्ये मेरिलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने अतिशय कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि संशोधनात सामील होणाऱ्यांप्रती संशोधकाची कायदेशीर जबाबदारी असू शकते, असे ठरविले. वस्तीत संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल अभ्यासायला हवा.

भारत व महाराष्ट्र : मसुरीजवळील लंढौर येथे जन्मलेले कार्ल टेलर यांनी १९६१ मध्ये विद्यालयात आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग सुरू केला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पंजाबातील नारंगवाल येथे १९७४ पर्यंत ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प चालला. गावात राहणाऱ्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी पोषण, संसर्गजन्य रोगांवरील उपचार व कुटुंबनियोजन ही कामे एकत्र केल्यास बालमृत्यू घटतात, हे त्यातून दिसून आले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला टेलर यांचा मोठा हातभार लागला.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे टेलर यांचे विद्यार्थी. येथील शिक्षण आटोपून त्यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. या कार्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये येथून एमपीएच पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार तोवर बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपुरताच होत असे. बालन्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधे साधन बनविले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी असतात. बाळाचे दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. पन्नास-साठपर्यंत अंक मोजता न येणाऱ्या दाईलाही ते वापरता येते. ३९ गावांतील आरोग्यदूतांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेतल्यावर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून भारतभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचा पाया या प्रयोगात आहे.

अलीकडील घडामोडी : कोविड काळात जगभर पाहिला गेलेला जॉन्स हॉपकिन्सचा रुग्णसंख्येचा फलक विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतील लॉरेन गार्डनर यांच्या गटाने २२ जानेवारी २०२० रोजी सुरू केला. या विद्यालयाने रुग्णाच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध घेण्याचा विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम मे २०२० मध्ये उपलब्ध केला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत थांबविल्याने विद्यापीठाचा ८० कोटी डॉलरहून अधिक निधी गेला आणि २,२०० हून अधिक जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांपैकी बहुतेक जण ४४ देशांत प्रत्यक्ष लोकांमध्ये काम करीत होते. हे विद्यालय, वैद्यकीय विद्यालय आणि माता-बाल आरोग्यासाठी काम करणारी जपायगो ही संस्था यांना याची झळ बसली.

महत्त्व : विद्यालयाचे सर्वांत टिकाऊ संशोधन बॉल्टिमोरच्या इमारतीत जितके झाले, तितकेच बनगावच्या छावणीत, आचेच्या खेड्यांत आणि नारंगवालच्या घराघरांत झाले. आकडे काटेकोरपणे मोजण्याची शिस्त विद्यालयाने दिली. उपाय आईच्या, दाईच्या व आरोग्यसेविकेच्या हाती सोपविण्याचे धैर्य मात्र गावांत राहून काम करणाऱ्यांनी दाखविले. ही दोन्ही एकत्र आली तेथे बालमृत्यू घटले. म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्याही विद्यालयाचे मोल तेथील पदव्यांच्या संख्येवरून ठरत नाही. त्याच्या ज्ञानाने किती सामान्य माणसांच्या हातांना बळ दिले, यावरूनच ते ठरते.