धूर आपोआप वर जायचा तेव्हा...

आजचा भाग तळहातावर मावेल अशा एका डबीबद्दल आहे.

गेल्या जानेवारीत, मिनियापोलिसमध्ये, बाहेर उणे पंचवीस असताना माझ्या भाड्याच्या घरातली फर्नेस बंद पडली. फर्नेस म्हणजे तळघरातली गॅसची भट्टी. ती हवा तापवते आणि पंखा ती गरम हवा खोल्याखोल्यांत पोचवतो. तर तिच्या सर्किट बोर्डावरचा दिवा तीनदा लुकलुकायचा, थांबायचा, परत तीनदा. झाकणाच्या आतल्या तक्त्यात अर्थ लिहिला होता: प्रेशर स्विच मिटत नाहीये, सर्किट पूर्ण होत नाहीये. फोनवर मित्र म्हणाला, "अरे, त्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाक, होईल सुरू."

आमच्या धंद्यात याला फेल होणारी टेस्ट कमेंट करून टाकणं म्हणतात. खोटं कशाला सांगू, वायरचा तुकडा हातात घेतला होता. पण हा स्विच तिथे आहेच कशाला, हे आधी बघावं म्हटलं. मेकॅनिक यायला चार तास होते. स्वेटरवर स्वेटर चढवून वाचत बसलो.

गोष्ट याच शहरात सुरू होते. १८८५ साली आल्बर्ट बट्झ नावाच्या स्विस स्थलांतरित माणसाने इथे एक यंत्र बनवलं. तोवर लोक कोळशाच्या भट्टीची झडप कमी-जास्त करायला स्वतः तळघरात उतरायचे. बट्झच्या यंत्रात घर गार पडलं की छोटी मोटर फिरायची, साखळी ओढली जायची, झडप उघडायची, कोळशाला हवा मिळायची. पुढे त्याच्या कंपनीची मालकी बदलत बदलत तिचं हनीवेल झालं. मला यात गंमत वाटते ती ही, की घर तापवण्यातलं हे ऑटोमेशन आगीचं नव्हतं, हवेचं होतं.

हवा आत घेणं हा अर्धा प्रश्न. धूर बाहेर काढणं हा उरलेला अर्धा, आणि तो धुराडं फुकटात सोडवायचं. गरम धूर हलका, तो वर जातो, मागून ताजी हवा ओढली जाते. कोळसा जाऊन गॅस आला तरी हेच चाललं. मधल्या काळात, १९१९ मध्ये, न्यू जर्सीच्या अॅलिस पार्कर या बाईंनी गॅसच्या भट्टीचं पेटंट घेतलं. त्यात अनेक बर्नर होते आणि प्रत्येकाचं नियंत्रण वेगळं. गरजेपुरतीच आग लावायची ही कल्पना इतकी जुनी आहे.

पण फुकटच्या धुराड्याची किंमत होती. धूर वर जायला गरम हवा, म्हणजे गॅसमधली उष्णता आकाशात सोडायची. जुन्या भट्ट्यांमधली तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त उष्णता अशीच जायची. १९७३ च्या तेलसंकटानंतर हे डोळ्यांवर यायला लागलं. १९८७ मध्ये अमेरिकेने घरगुती उपकरणांसाठी कायदा केला आणि १९९२ पासून नव्या गॅस फर्नेसची वार्षिक कार्यक्षमता किमान ७८ टक्के हवी असं ठरलं. ऐंशीच्या दशकात नव्वदच्या वरच्या फर्नेसही आल्या. त्या धुरातली वाफ थंड करून तिचं पाणी करतात आणि त्यातलीही उष्णता काढून घेतात.

आणि इथे घोळ झाला. उष्णता काढून घेतलेला धूर गार. गार धूर वर जात नाही. मग त्याला बाहेर ढकलायला छोटा पंखा बसवला, त्याला इंड्युसर म्हणतात. पण पंखा बंद पडला तर? बाहेरचा पाइप बर्फाने बुजला तर? आग चालू राहील आणि कार्बन मोनॉक्साइड घरात साठेल. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून माणसं गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तो हाच वायू.

म्हणून ही डबी. आत एक पातळ पडदा, एका बाजूला रबरी नळी. पंख्याने पुरेसं ओढलं तर पडदा सरकतो, स्विच टक् करून मिटतो, मगच गॅस सुटतो. हे ओढणं मोजतात पाण्याच्या इंचांत आणि असतं साधारण एक इंचाच्या आत-बाहेर. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब त्याच मापात चारशेच्या वर भरतो! माझ्यातला इंजिनियर सर्वात खूश झाला तो पुढच्या गोष्टीवर: पंखा सुरू व्हायच्या आधी स्विच उघडा आहे का, हेही बोर्ड तपासतं. आधीच मिटलेला दिसला तर विश्वास ठेवत नाही. माझी जोडलेली वायर तिथेच पकडली गेली असती.

माझी फर्नेस दोन टप्प्यांची. साध्या थंडीत मंद आग, कडाक्यात पूर्ण. पंख्याचे वेग दोन, म्हणून स्विचही दोन. मोठ्या आगीच्या स्विचला जास्त ओढ लागते, त्यामुळे वाट चोंदायला लागली की आधी बहुधा तोच हरतो आणि बऱ्याच फर्नेस मग मुकाट्याने मंद आगीवरच चालत राहतात. आता आठवलं, आधीचे दोन आठवडे घर कोमटच होतं. मी थंडीला शिव्या देत होतो.

मेकॅनिक आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने स्विचला हातही लावला नाही. नळीला मीटर जोडला. पहिल्या स्विचवर ०.६० छापलेलं, मीटरवर ०.३५. "स्विच बरोबर सांगतोय," म्हणाला. लोक आधी स्विचच बदलतात आणि आठवड्याने परत फोन करतात, हेही बोलला. मग खालचा पाण्याचा सापळा काढला. वाफेचं ते पाणी आम्लधर्मी असतं आणि याच सापळ्यातून निथळतं. आत काळपट जेलीसारखा गाळ. पाणी तुंबून नळीतही चढलेलं. सिंकमध्ये सापळा धुतला, नळी फुंकून मोकळी केली, परत लावली. मीटर ०.८५.

पंखा फिरला. टक्. आग लागली. दहाएक मिनिटांनी पंख्याचा आवाज चढला आणि दुसरा टक् आला, तो मी दोन आठवड्यांत ऐकलाच नव्हता.