यंत्राला न विचारलेला प्रश्न

शाळेचे वेळापत्रक लावणारे एखादे अनुभवी शिक्षक असतात. प्रयोगशाळा एका वेळी दोन वर्गांना देता येत नाही, गणिताचा तास शक्यतो सकाळी हवा, असे कितीतरी नियम त्यांच्या डोक्यात पक्के असतात. कागदावर मात्र कुठेच नसतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीची अडचण अशीच होती.

कंपनीचा व्हॅक्स संगणक ग्राहकाच्या गरजेप्रमाणे सुटे भाग जोडून तयार होई. कोणता भाग कोणत्या कपाटात बसेल, वीज पुरेल का, केबल केवढी हवी, हे जाणकार तंत्रज्ञ ठरवीत. एखादा भाग राहिला, की सगळेच अडे.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये या कामासाठी एक 'तज्ज्ञ प्रणाली' तयार करायला घेतली. पुढे ती 'एक्सकॉन' म्हणून ओळखली गेली. 'असे असेल, तर तसे करा' अशा साच्यातले शेकडो नियम तिच्यात होते. तिने सुचवलेली जुळणी तंत्रज्ञ तपासत. चूक सापडली, की कोणीच न सांगितलेला एखादा नियम उजेडात येई आणि तो प्रणालीत घातला जाई. यंत्राला शिकवताना माणसांना आपलेच ज्ञान नव्याने उमगत होते!

१९८० मध्ये एक्सकॉन कामाला लागली. १९८६ पर्यंत तिने सुमारे ८०,००० मागण्या हाताळल्या. अचूकता ९५ ते ९८ टक्के होती आणि वर्षाला अडीच कोटी डॉलर वाचतात, असा अंदाज होता.

याच काळात छोटे वैयक्तिक संगणक बाजारात येत होते. डिजिटलनेही १९८२ मध्ये असे संगणक काढले, पण ते फारसे चालले नाहीत. अखेर १९९८ मध्ये कॉम्पॅकने ही कंपनी विकत घेतली. यात एक्सकॉनचा दोष नव्हता. व्हॅक्स कसा जुळवावा, एवढेच तिला विचारले होते. लोकांना पुढे व्हॅक्स हवा असेल का, हा प्रश्न तिच्या एकाही नियमात नव्हता. तो माणसांनीच सोडवायचा होता.

आजच्या प्रणाली प्रचंड माहितीतून स्वतःच नियम शोधतात, धंद्याचे पर्यायही सुचवतात. तरीही प्रश्न कोणता विचारायचा, ही जबाबदारी आपल्याकडेच उरते.

वर्गात करून पाहा: एका गटाने वेळापत्रकाचे नियम लिहावेत, दुसऱ्याने फक्त त्यांवरून वेळापत्रक लावावे. कोणते नियम लिहायचे राहिले, ते लगेच दिसेल. मग विचारा, खेळाचे तास आठवड्याला किती हवेत? हे कोणत्या नियमाने ठरवणार?